खाचेतलं पीठ

मी एक जुनं... थांबा. सुरुवातीलाच खोटं नको. मित्रांनो, मी जुना नाही. मी जुना दिसावा म्हणून मला तसं बनवलेलं आहे.

माणसं चंद्रावर जायची स्वप्नं बघत होती, त्या काळात म्हणे घरातल्या वस्तूंनाही अंतराळाचं वेड लागलं होतं. दिवे उडत्या तबकडीसारखे, खुर्च्या अंड्यासारख्या, काय वाटेल ते. मी जन्मलो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण माझं सगळं रूप त्या काळावरून उचललेलं. माझी काच फुगीर आहे, अंतराळवीराच्या डोक्यावर असते तशी. अंग गुळगुळीत गोल. काळ्या तबकडीवर आकड्यांच्या जागी ठिपके आणि नारिंगी सेकंदकाट्याच्या टोकाला एक इवलंसं रॉकेट. ठिपक्यांना मुद्दाम पिवळट रंग दिलेला, म्हणजे पन्नास वर्षं ऊन खाल्ल्यासारखे वाटावेत. कारखान्यात तो रंग देणारी बाई ब्रश झटकत शेजारणीला म्हणाली होती, "जन्माआधीच याचे केस पिकवले गं आपण!" दोघी खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कारण पुढे जो तो मला उचलायचा आणि एकच विचारायचा, "खरंच जुनं आहे का हो हे?" दुकानातल्या घड्याळजीने तर डोळ्याला भिंग लावून माझं पोट उघडलं, आत डोकावला आणि नाक मुरडून म्हणाला, "चालतंय बरं. पण सोंग आहे." मला फार लागलं ते. मी मनाशी म्हटलं, बाबा रे, सगळी सोंगं आणता येतात, चालण्याचं सोंग आणता येत नाही. चालून दाखवीन.

पण तेव्हापासून माझा स्वभाव बिघडला तो बिघडलाच. लोक माझ्यावर संशय घेतात ना, मग मीही सगळ्यांवर घेणार, फिट्टंफाट! काचेत डोकावणारं गिऱ्हाईक दिसलं की मला वाटायचं, हा चोर. धूळ पुसणारी बाई दिसली की वाटायचं, ही ओरखडा काढणार. हा माझा दोष आहे. तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच अडली आहे.

मला विकत घेतलं ते एका तारांगणातल्या लोकांनी. तारांगण म्हणजे मोठा गोल घुमट. आत अंधार करतात आणि मधलं यंत्र छतावर तारे पाडतं. तिथलं यंत्र फार जुनं होतं, दोन्ही टोकांना दोन गोल डोकी, बारीक पाय. सगळे त्याला मुंगी म्हणत. ही मुंगी चालवणारा माणूस निवृत्त होत होता आणि त्याला निरोपाची भेट म्हणून मी.

त्या माणसाला तिथे सगळे 'सूर्यास्तकाका' म्हणायचे. खेळाच्या सुरुवातीला घुमटात संध्याकाळ करायची असते. डाव्या हाताने उजेडाची चकती हळूहळू मिटवायची, त्याच वेळी उजव्या हाताने ताऱ्यांची खुंटी हळूहळू उघडायची. बरोबर चार मिनिटं. काकांचा नियम एकच होता, "अंधार कधी झाला ते लोकांना कळता कामा नये. कळला, तर तो सूर्यास्त नव्हे, दिवा मालवणं झालं."

त्यांनी मला हातात घेतलं, तेव्हा मी प्रश्नाची वाट बघत होतो. नाही विचारला. मला कानाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! गडी दमदार आहे." मग शेवटच्या खेळात त्यांनी माझ्या नारिंगी रॉकेटच्या चार फेऱ्या मोजून सूर्यास्त केला. मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी कामाला लावलं होतं. मी धन्य झालो.

त्यानंतरची तीन वर्षं सुखाची. घरात काका, त्यांची सूनबाई आणि सहा सहा महिने बोटीवर कामाला असणारा मुलगा. काकांची बायको पूर्वीच गेलेली. काका घरातही काटेकोर. दुपारी जेवून झोपायच्या आधी मला काढून खिडकीजवळच्या फळीवर ठेवायचे, माझ्या कडेची बोटांनी फिरवायची चावी बरोबर उत्तरेकडे करून. आयुष्यभर तारे अंशात मोजलेला माणूस, घड्याळ तरी तिरकं कसं ठेवील?

मग एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातला कप सुटला. कप फुटला, आणि उचलायला हात पुढे जाईना. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून परत आले तेव्हा पाय जरा फरपटत का होईना चालत होता, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबकळत होता. मी त्याच हातावर. माझ्याइतकं ते जवळून कुणी बघितलं नाही.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो. माझ्या आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन आहे. हात हलला की ते फिरतं आणि मला आपोआप चावी बसते. हात हलला नाही, तर दीड-दोन दिवसांत मी थांबतो. काकांना व्यायाम शिकवायला एक बाई येत, चष्मेवाल्या, बोलायला फटकळ. त्यांच्या लक्षात हे आलं आणि त्यांनी टाळीच वाजवली.

"काका, आजपासून या घड्याळाला चावी द्यायची नाही हं. हात हलवाल तर हे चालेल. थांबलं, की समजायचं हात आळसावला. माझ्याशी खोटं बोलाल, घड्याळाशी कसं बोलाल?"

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ज्याला सोंग म्हणून हिणवलं तो आता साक्षीदार.

त्याच आठवड्यात तारांगणातून फोन आला. मुंगी आता बंद होणार, नवीन यंत्र येणार. अकरा आठवड्यांनी तिचा शेवटचा खेळ. त्यातला सूर्यास्त काकांनीच करावा अशी सगळ्यांची इच्छा होती. काका फोनवर म्हणाले, "हात आला तर येतो. एका हाताने मी सूर्यास्त करत नाही." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. त्यांचं सगळं माझ्यावर आलं होतं. मी चाललो तर ते जाणार, मी थांबलो तर नाही.

आणि मी थांबलो. दोन दिवसांनी थांबलो. सूनबाईने काटे लावून दिले, काकांचा हात धरून हलवला, चालू झालो, परत थांबलो. काका घाम येईपर्यंत हात ओढत होते, पण जेमतेम बोटं हलायची. तेवढ्याने माझं वजन कुठलं फिरायला? तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा काका जेवायला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताट पुढे सारलं.

"त्यांना फोन कर. दुसरा माणूस बघा म्हणावं."

"बाबा, दोन घास तरी..."

"नको म्हटलं ना!"

तिने ताट झाकून ठेवलं, फोन मात्र केला नाही. मला माझाच राग येत होता. पण मी तरी काय करणार, माझ्या पोटात काही खोटं ठेवलेलंच नाही.

त्या दुपारी काका झोपले, मी फळीवर बंद पडलेला. तेवढ्यात दार हळूच उघडलं आणि सूनबाई आत आली, चोरपावलांनी. तिने काकांकडे पाहिलं, मला उचललं, पदरात झाकलं आणि बाहेर नेलं.

झालं! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी म्हटलं, ही आता मला विकणार. सासऱ्याचा हात गेला, आता घड्याळ कशाला? तिने मला स्वयंपाकघरात नेलं, आपल्या मनगटाच्या जरा वर बांधलं, पट्टा दोन भोकं आवळून. मग परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागली. मी गरगरलो! वजन असं फिरलं की माझ्या पोटात महिनाभर एवढी चावी बसली नव्हती. पाऊण तासाने तिने मला पुसलं, काटे लावले, पट्टा पुन्हा सैल केला आणि मला फळीवर परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही दिवशी. पण मी काय विचार करत होतो? की ही मला घालून बघते आहे. आपल्या हाताला शोभतो का, ते बघते आहे. म्हाताऱ्याने डोळे मिटायची वाट बघते आहे. इतका नीच विचार मी केला, मित्रांनो, आणि तोही जिच्या हातावर मी रोज जिवंत होत होतो तिच्याबद्दल. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, मी तर पाणीसुद्धा फुंकत होतो.

इकडे काकांना वाटलं, मला बांधताना आपल्याच हाताच्या हेलकाव्याने मी चालू झालो, आणि ते खुलले. सकाळी उठून मला कानाशी धरायचे आणि ओरडायचे, "चाललंय गं! चाललंय!" ताट पुसून खायला लागले. तारांगणात फोन करून "येतो" म्हणाले. मोलकरणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. व्यायामही करत होते, पण आधीइतका घाम येईपर्यंत नाही. घड्याळ चालतंय म्हणजे हात सुधारतोच आहे, मग कशाला जिवाचा आटापिटा? चूक त्यांची नव्हती. साक्षीदारच फितूर झाला होता.

पहिली शंका आली ती व्यायामवाल्या बाईंना. आठव्या आठवड्यात त्यांनी काकांचा हात उचलून सोडला. तो धपकन मांडीवर पडला. बाईंनी चष्मा वर केला, मला पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं.

"घड्याळ धावतंय आणि हात बसलाय. काका, कुठेतरी पाणी मुरतंय."

"म्हणजे मी चावी देतो असं म्हणायचंय?" काका उखडले.

"मी काहीच म्हणत नाही. मी बघतेय."

त्या गेल्यावर काकांनी मला भिंगाखाली धरलं. माझ्या काचेभोवती एक बारीक खाच आहे. तिच्यात काहीतरी पांढरं दिसत होतं. त्यांनी सुईने ते काढलं, बोटावर घेतलं, जिभेला लावलं. पीठ. मग पट्टा पाहिला. त्यांच्या भोकाच्या दोन भोकं आत एक नवीन वळ पडला होता. त्या दुपारी फळीवर ठेवताना त्यांनी माझी चावी उत्तरेकडे करून पेन्सिलीने एक पुसट रेघ मारली. संध्याकाळी उठले तेव्हा चावी रेघेपासून चार अंश सरकलेली. दुसऱ्या दिवशी सहा अंश.

मला आनंद झाला, काय सांगू! मी म्हटलं, आता सापडली चोर.

तिसऱ्या दुपारी काकांनी झोपेचं सोंग घेतलं. सूनबाई आली, मला घेऊन गेली. थोड्या वेळाने भिंतीचा आधार घेत, पाय ओढत काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिच्या कोपरापर्यंत पीठ, आणि मध्ये मी.

तिने मान वर केली आणि तिचे हात परातीतच राहिले.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही ताट सारलंत त्या दिवसापासून."

"म्हणजे सहा आठवडे. सहा आठवडे मी तुझ्या हातावर टुणटुण उड्या मारतोय! आणि मला वाटतंय, माझा हात! अगं, गावभर सांगून बसलो मी. तिथे जाऊन काय करू, तुझा हात घेऊन जाऊ?"

"मला वाटलं होतं, मधल्या काळात तुमचा हात खरंच येईल. मग मी सोडून देईन. कुणाला कळणारही नाही." ती बोटांवरचं पीठ खरवडत म्हणाली. "बाबा, तुम्ही जेवत नव्हतात. मला बघवलं नाही हो. चुकले मी."

काकांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता हे मला फेकतात. पण ते दाराला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, मला नाही सांगता येणार. चोर म्हणून मी जिच्या मागावर होतो तिने माझ्याकडून एकच गोष्ट चोरली होती, माझा खरेपणा. आणि तीही त्यांच्या दोन घासांसाठी. मला इतकी लाज वाटली की थांबावंसं वाटलं. पण पोटात तिची चावी भरलेली, थांबताही येईना.

"दे ते इकडे," काका शेवटी म्हणाले. तिने मला सोडून पुढे केलं. "घड्याळ नव्हे. ते तर देच. परात दे."

"अहो, पण..."

"मळायला शिकव मला. व्यायामवाल्या बाई नुसता हवेत हात फिरवायला लावतात. हवेला काय धरायचं? पिठाला निदान अंग आहे."

तर मित्रांनो, उरलेले तीन आठवडे आमच्या घरात रोज दुपारी झोपेऐवजी पीठ मळलं गेलं. मी काकांच्या डाव्या मनगटावर, पट्टा त्यांच्या नेहमीच्या भोकात. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता पंजा पिठावर ठेवला आणि अंगाच्या भाराने दाबला. दुसऱ्या दिवशी बोटं रुतली. कणीक एकदा घट्ट दगड, एकदा सैल चिखल. सूनबाई म्हणायची, "बाबा, आज काय भिंत लिंपायची आहे का?" आणि काका म्हणायचे, "तुझ्यापेक्षा बरी मळतो, गप!" व्यायामवाल्या बाईंनी हे पाहिलं आणि पहिल्यांदा काहीच फटकळ बोलल्या नाहीत.

एक दिवस मात्र काकांना ताप भरला. दोन दिवस मळणं नाही, काही नाही. मी फळीवर मंद होत गेलो आणि दुपारी सव्वातीनला थांबलो. सूनबाई औषध घेऊन आली. तिने मला पाहिलं. उचललं. तिचा अंगठा माझ्या काचेवर होता. नुसता हात चार वेळा झटकला असता तरी मी चालू झालो असतो, आणि काका गाढ झोपेत होते.

तिने मला रेघेवर ठेवलं. तसंच, बंद. मला वाटतं, त्या घरात तिने केलेलं ते सगळ्यांत जड काम असेल. त्या क्षणापासून तिच्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

काका उठले, मला कानाशी नेलं. मग रेघेकडे पाहिलं. चावी रेघेवर होती, अंशभरही इकडेतिकडे नाही. ते जरा हसले आणि हाक मारली, "सूनबाई, बंद पडलंय गं. जेवायला वाढ, मग मळू."

आणि ताट त्यांनी चाटूनपुसून संपवलं.

शेवटच्या खेळाला घुमट गच्च भरला होता. मुंगी मध्ये उभी. मी चालत होतो, नऊ दिवस सलग, आणि त्यात दुसऱ्या कुणाच्या हाताचा एक हेलकावाही नव्हता. काकांनी उजवा हात ताऱ्यांच्या खुंटीवर ठेवला, डावा उजेडाच्या चकतीवर. डावा अजून पुरता आला नव्हता. खांदा जड होता, करंगळी वाकडीच राहिली होती. पण चकती धरली होती. माझं रॉकेट बारावर आलं आणि चकती हलली.

पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीत मनगट थरथरायला लागलं, मला ते जाणवलं. काकांनी ओठ घट्ट मिटले आणि पिठावर दाबतात तसा अंगाचा भार हातावर दिला. चकती फिरत राहिली. चौथ्या फेरीच्या शेवटी माझ्या तबकडीवरचे ठिपके चमकू लागले, तेव्हा मला कळलं की अंधार झाला आहे. कधी झाला, ते मलाही कळलं नव्हतं. पुढच्या रांगेत सूनबाई मान वर करून बसली होती. डोळे पुसायला तिने हात वर केला, आणि तेवढ्यात कुठला तारा उगवला, ते तिलाही कळलं नसेल.

खेळ संपल्यावर दिवे लागले. नवीन यंत्र बसवायला आलेला इंजिनीअर काकांशी हात मिळवायला आला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"वा, सुंदर घड्याळ! खरंच जुनं आहे का?" आणि मग वाकून म्हणाला, "अरेरे, काचेच्या खाचेत काहीतरी पांढरं अडकलंय. द्या, साफ करून देतो."

काकांनी हात मागे घेतला.

"राहू दे. ते माझं आहे."

मित्रांनो, माझ्यासारखी घड्याळं तुमच्याही घरात असतील. आजोबांच्या कपाटात, मखमलीच्या डबीत, बंद पडलेली. त्यांना जपून ठेवलंय असं तुम्हाला वाटतं. जपणं ते नव्हे. त्यांना हातावर घाला, कामाला न्या, पीठ लागलं तर लागू द्या. आणि माझ्यासारखा संशयी स्वभाव असेल तर एवढंच करा, ज्याच्यावर शंका आली त्याला वेळेवर विचारून टाका. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.

काका आता पुन्हा दुपारी झोपतात. मला काढून फळीवर ठेवतात, चावी रेघेवर. संध्याकाळी उठतात तेव्हा चावी रेघेवरच असते, एक अंशही हललेली नसते. स्वयंपाकघरातून परात सरकल्याचा आवाज येतो. आणि खरं सांगू? कधी कधी मला वाटतं, आज हलावी.